खरवस: चीक ओळखण्यापासून वड्या कापेपर्यंत

खरवसाची पाककृती शोधायला गेलात तर एक जण एक लिटर चिकाला (म्हणजे व्याल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांतल्या दाट दुधाला) दोन लिटर दूध सांगतो, दुसरा एकास एक म्हणतो आणि तिसरा दूध घालूच नका असं बजावतो. तिघंही खरंच सांगत असतात. फरक त्यांच्या हातातल्या चिकात असतो. गाय व्याल्यावर पहिल्यांदा काढलेला चीक आणि तिसऱ्या दिवशीचा चीक यांचं नाव तेवढं एक, बाकी घट्ट होण्याच्या बाबतीत त्या दोन वेगळ्याच वस्तू आहेत. त्यामुळे खाली प्रमाण दिलं आहे, पण माझा भर चीक ओळखण्यावर आणि वाटी लावून बघण्यावर आहे. चार चमचे मिश्रण वाटीत आधी वाफवून पाहिलं, तर उरलेला डबा कसा होणार हे पंधरा मिनिटांत कळतं. चीक रोज मिळत नाही, तेव्हा हा वेळ द्यायलाच हवा.

आधी वासरू

चुलीकडे जाण्याआधी गोठ्यातली गोष्ट. गाय-म्हशीच्या पोटात असताना वासराला आईकडून रोगप्रतिकारक द्रव्यं मिळत नाहीत. ती सगळी त्याला चिकातूनच मिळतात, आणि तीही जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत. जसजसे तास जातात तसतशी वासराच्या आतड्याची ती द्रव्यं शोषून घेण्याची क्षमता कमी होत जाते आणि साधारण २४ तासांत जवळजवळ संपते. म्हणून पहिल्या तास-दोन तासांत पहिला चीक वासराच्या पोटात गेला पाहिजे, आणि पहिल्या दिवसभरात त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा. ३० किलोच्या वासराला ३ लिटर. काही ठिकाणी वार (वासरामागून पडणारं गर्भाचं वेष्टण) पडेपर्यंत वासराला पाजत नाहीत; तसं थांबण्यात वासराचं नुकसान आहे.

घरी गाय असेल तर हे तुमच्याच हातात आहे. चीक विकत किंवा मागून आणणार असाल तर वासराला पोटभर पाजून झालंय ना, हे विचारा. चांगला गोठेवाला या प्रश्नाने रागावत नाही, उलट त्याला बरं वाटतं. चांगल्या दुभत्या जनावराला वासराच्या गरजेपेक्षा जास्त चीक येतो, आणि खरवस त्या वरच्या चिकाचा करायचा असतो. गावाकडे हा वरचा चीक शेजारीपाजारी वाटायची पद्धत आहे. ज्या भांड्यातून चीक येतो ते भांडं रिकामं परत करायचं नाही, निदान मूठभर तांदूळ किंवा गुळाचा खडा त्यात घालायचा.

आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. जनावराला अलीकडे अँटिबायोटिक दिलं आहे का? बऱ्याच गोठ्यांत गाय आटवताना, म्हणजे व्यायच्या आधी तिचं दूध काढणं थांबवताना, सडात औषध सोडतात आणि त्याचा अंश चिकात उतरू शकतो. औषध दिल्यावर दूध न वापरण्याची मुदत संपलेली नसेल तर तो चीक घेऊ नका, उकळल्याने औषध निघून जाईल या भरवशावर तर नकोच. दुसरं, कासेला सूज आहे का? चिकात रक्ताची छटा किंवा गुठळ्या दिसत असतील तर तो परत करा.

चीक घट्ट का होतो

साधं दूध कितीही उकळलं तरी आटतं, पण थिजत नाही. चीक मात्र तापला की थिजतो. याचं कारण त्यातली प्रथिनं. साध्या दुधात मोठा वाटा केसीनचा असतो आणि केसीन उकळीला दाद देत नाही. चिकात वासरासाठीची रोगप्रतिकारक प्रथिनं भरपूर असतात, आणि साधारण ७० अंश सेल्सियसच्या पुढे ती उलगडून एकमेकांत गुंततात. त्या जाळ्यात पाणी, स्निग्धांश, गूळ सगळं अडकतं आणि वडी धरते. अंडं शिजताना जे होतं तेच इथे होतं, म्हणून खरवसाला अंड्याची किंवा कॉर्नफ्लोअरची गरज पडत नाही.

आता प्रमाणाचं गणित. गाईच्या साध्या दुधात प्रथिनं साधारण ३ टक्के असतात. पहिल्यांदा काढलेल्या चिकात ती १४ टक्क्यांच्या आसपास असतात, दुसऱ्या वेळी काढलेल्या चिकात ८ च्या आसपास, तिसऱ्या वेळेपर्यंत ५. पुढच्या दोन दिवसांत ४ वर येऊन मग साध्या दुधाच्या पातळीला पोचतात. जातीप्रमाणे आणि खुराकाप्रमाणे आकडे मागेपुढे होतात, उतरंड मात्र अशीच असते. पहिल्या चिकात दुप्पट दूध घातलं तर मिश्रणात प्रथिनं साडेसहा टक्क्यांवर येतात. दुसऱ्या वेळच्या चिकात बरोबरीने दूध घातलं तर साडेपाचवर. तिसऱ्या वेळच्या चिकात दूध घालायला फारशी जागा उरत नाही. आजी-पणजीने टक्केवारी न मोजता ठरवलेली प्रमाणं याच गणितात बसतात, याचं मला फार कौतुक वाटतं.

म्हणजे सुरुवात अशी करायची. पहिल्या वेळचा चीक असेल तर एक भाग चिकाला दीड ते दोन भाग दूध. दुसऱ्या वेळचा असेल तर एकास एक, किंवा दूध थोडं कमीच. तिसऱ्या वेळचा किंवा दुसऱ्या दिवशीचा असेल तर चार वाट्या चिकाला फार तर एक वाटी दूध. त्यानंतरचा चीक एकट्याने नीट धरत नाही. फ्रीजरमध्ये पहिल्या दिवसाचा चीक ठेवलेला असेल तर त्यात मिसळायला हा नंतरचा चीक उत्तम, दुधाच्या जागी हाच वापरायचा.

कितव्या वेळचा ते देणाऱ्याला सांगता येत नसेल तर चीक स्वतःच सांगतो. पहिला चीक पळीतून ओतला की धार जाड पडते आणि शेवटी तार धरते. बोटांना चिकटतो. गाईचा असेल तर गडद पिवळा असतो, कधी हळदीकडे झुकणारा. म्हशीचा चीक मुळातच पांढुरका असतो, कारण म्हैस चाऱ्यातलं पिवळं कॅरोटीन अ जीवनसत्त्वात बदलून टाकते, तेव्हा म्हशीच्या चिकाची पारख रंगावरून करायला जाऊ नका, धार बघा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळचा चीक सायीच्या दुधासारखा ओघळतो. बोटावर घेऊन पाहिला तर चिकटपणा लागतो, पण तार येत नाही.

चीक घरी आल्यावर

चीक उकळायचा नाही, कोमटही करायचा नाही. रोजच्या सवयीने दुधाचं पातेलं गॅसवर चढवलंत तर पाचव्या मिनिटाला तळाशी गुठळ्या होतील. आणल्याबरोबर मलमलच्या फडक्यातून गाळा. गाळणीने गवताची काडी अडते, केस अडत नाहीत. मग झाकून थेट फ्रीजमध्ये. त्याच दिवशी केला तर उत्तम, दुसरा दिवस चालतो. त्यापुढे ठेवायचा असेल तर अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या डब्यांत भरून फ्रीजरमध्ये टाका, काही महिने चांगला राहतो. डब्यावर तारीख आणि कितव्या वेळचा चीक ते लिहून ठेवा, नाहीतर दोन महिन्यांनी सगळे डबे सारखेच दिसतात. वापरायच्या आदल्या रात्री डबा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आणा. घाई असेल तर डबा साध्या पाण्यात बुडवून ठेवा. मायक्रोवेव्ह टाळा, कडेचा चीक शिजतो आणि मधला गोठलेलाच राहतो.

कच्चा चीक चाखून बघायचा नाही, विशेषतः घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर. कच्च्या दुधातून होणारे आजार कच्च्या चिकातूनही होतात. गोडी बघायची सोय पुढे वाटीत आहेच.

गूळ की साखर

माझं मत गुळाच्या बाजूने आहे. चीक मुळात किंचित खारट असतो, त्यात क्षार जास्त असतात, आणि तो खारटपणा गुळाशी फार छान जुळतो. साखरेचा खरवस दिसायला देखणा, केशराचा रंग त्यात खुलतो, पण चव एकसुरी राहते. चीक मुळातच खारट असल्याने वेगळं मीठ मात्र कशातही घालायचं नाही.

एक लिटर तयार मिश्रणाला २०० ते २३० ग्रॅम गूळ. साखर असेल तर १५० ते १७५ ग्रॅम पुरते. गूळ साधा, बारीक चिरता येणारा घ्या. चिक्कीचा गूळ इथे कामाचा नाही, तो चिवट असतो आणि थंड दुधात लवकर विरघळत नाही. फार काळा गूळ घेतला तर खरवस चॉकलेटी दिसतो आणि वेलची मागे पडते, मला मध्यम पिवळा-तांबूस गूळ आवडतो.

गूळ चिकात घालू नका, दुधात घाला. गूळ विळीवर किंवा सुरीने बारीक चिरून थंड दुधात टाकायचा आणि अधूनमधून ढवळत अर्धा तास ठेवायचा. गरम दुधात गूळ घातला की दूध फाटायची भीती असते, थंड दुधात ती नसते. पूर्ण विरघळला की फडक्यातून गाळायचं. गुळातली माती, उसाचं चिपाड आणि न विरघळलेले खडे इथेच अडतात. असं गाळलेलं गोड दूध तयार झालं की मग त्यात चीक ओतायचा. गूळ चिकातच घालून घुसळत बसलात तर फेस होतो, आणि फेसाचे बुडबुडे वाफवताना वर येऊन खरवसाचा माथा खडबडीत करतात.

दूध उकळून थंड केलेलं घ्या, फ्रीजमधलं चालेल. साय काढायची गरज नाही, पण तिचे तुकडे राहिले असतील तर गाळताना निघून जातील.

वेलची, जायफळ, केशर

दीड लिटर मिश्रणाला आठ-दहा वेलदोडे पुरतात. दाणे खलबत्त्यात चमचाभर गुळाबरोबर किंवा साखरेबरोबर कुटा. नुसती वेलची कुटली तर तिचे हलके कण एकत्र येऊन वर तरंगतात, गुळाबरोबर कुटलेली सगळीकडे पसरते. विकतची वेलची पूड या पदार्थात वापरू नये असं मला मनापासून वाटतं. खरवसात मसाला लपवायला दुसरं काही नसतं, आणि शिळ्या पुडीचा सालासारखा वास लगेच जाणवतो.

जायफळ हवंच. ते नसेल तर खरवस गोड दुधाच्या वडीसारखा लागतो. किसणीच्या बारीक बाजूवर किंवा सहाणेवर उगाळून पाव चमचा, जास्त नको. जायफळ जास्त झालं तर कडवटपणा येतो आणि तो कशाने झाकता येत नाही. उगाळणार असाल तर सहाणेवर पाण्याऐवजी चमचाभर दूध घ्या. जायफळाचे कण जड असतात, तळाशी बसतात, तेव्हा डब्यात ओतायच्या आधी मिश्रण एकदा खालपासून ढवळून घ्या.

केशर साखरेच्या खरवसात घाला, गुळाच्या खरवसात त्याचा रंग दिसत नाही. दहा-बारा काड्या दोन चमचे कोमट दुधात भिजवून, ते दूध थंड झाल्यावर मिसळायचं. वरून थोडी वेलची आणि जायफळ भुरभुरायला राखून ठेवा, ते केव्हा घालायचं ते पुढे येतं आहे. काही जण बदाम-पिस्त्याचे काप घालतात. मी घालत नाही. खरवस तोंडात विरघळायला हवा, मध्ये चावायला काही लागलं की तो ठेका मोडतो.

वाटी लावून बघा

आता मुख्य काम. स्टीलच्या छोट्या वाटीत चार चमचे मिश्रण घ्या. कढईत किंवा पातेल्यात दोन बोटं पाणी उकळवा, मध्ये रिंग ठेवा, तिच्यावर वाटी, वाटीवर छोटी ताटली, आणि पातेल्यावर झाकण. मध्यम आचेवर आठ ते दहा मिनिटं. मग वाटी काढून गार पाण्याच्या ताटलीत पाच मिनिटं ठेवा. गरमागरम बघू नका, खरवस गार होताना आणखी घट्ट होतो आणि गरम वाटीवरून अंदाज चुकतो.

गार झाल्यावर वाटी तिरकी करा. खरवस एका अंगाने कडेपासून सुटून किंचित हलला, आणि चमच्याने कापल्यावर कड सरळ राहिली, तर प्रमाण बरोबर आहे. उरलेलं मिश्रण निर्धास्तपणे डब्यात ओता.

चमचा घालताना अडला, तुकडा दाबल्यावर परत उसळला, खाताना दातांत करकरला, तर चीक दाट आहे. मिश्रणात दर लिटरला एक वाटी दूध वाढवा, त्या मानाने गूळ वाढवा, आणि पुन्हा वाटी लावा. पहिल्या दिवसाच्या म्हशीच्या चिकाला कधी कधी तिप्पट दूधही लागतं, तेव्हा घाबरून जाऊ नका.

वाटी तिरकी केल्यावर मिश्रण ओघळलं, किंवा वर पातळ दही आणि खाली पाणी असं झालं, तर चीक पातळ आहे. आणखी चीक असेल तर तो घाला. नसेल तर दर लिटरला चार-पाच मोठे चमचे मिल्क पावडर थोड्या थंड दुधात गुठळ्या मोडून मिसळा, आणि दोन चमचे ताजं घट्ट दही. याने चिकाची पूर्ण भरपाई होत नाही, पण वडी कापता येईल इतकं होतं. पुन्हा वाटी लावा.

वाटीतला खरवस खाऊन गोडीही बघा. गरम असताना ठीक वाटलेली गोडी फ्रीजमधून काढल्यावर कमी लागते, त्यामुळे वाटीत थोडा जास्तच गोड लागला पाहिजे.

एका डब्याचं पूर्ण प्रमाण हवं असेल तर हे घ्या: पहिल्या वेळचा चीक अर्धा लिटर, दूध पाऊण ते एक लिटर, गूळ ३०० ग्रॅम, आठ-दहा वेलदोडे, पाव चमचा उगाळलेलं जायफळ. दहा-बारा जणांना पोटभर होतो.

वाफवणं

डबा सपाट बुडाचा आणि पसरट हवा. मिश्रणाची उंची चार सेंटिमीटरपर्यंत असली की सगळीकडे सारखं शिजतं. उंच डब्यात कडा शिजून रबरासारख्या होतात आणि मधला भाग ओला राहतो. मिश्रण जास्त असेल तर दोन डबे करा. डब्याला आतून तूप लावायची गरज नाही, खरवस गार झाल्यावर कडेने सुरी फिरवली की सुटतो.

कुकरमध्ये दोन वाट्या पाणी, तळाला जाळी किंवा रिंग, पाण्याला उकळी आल्यावर त्यावर डबा. डब्यावर घट्ट झाकण किंवा उलटी ताटली ठेवा. हे विसरू नका. कुकरच्या झाकणाला जमलेलं पाणी टपटप खाली पडतं, आणि जिथे थेंब पडतो तिथे खळगा होऊन खरवस पांचट होतो. कुकरची शिट्टी काढून ठेवा. मोदकपात्र किंवा इडलीपात्र असेल तर तेही छान.

आच पहिली पाच मिनिटं मध्यम, मग बारीक. पाणी नुसतं गदगदत राहिलं पाहिजे. ७०-८० अंशाला काम होणारा हा पदार्थ आहे, त्याला जोराची वाफ दिली की प्रथिनांचं जाळं आवळतं आणि आतलं पाणी बाहेर पडतं. मग वडीला छिद्रं पडतात आणि डब्यात पिवळसर पाणी साठतं. काही घरांत जाळीदार खरवसच आवडतो, त्या जाळीत गुळाचं पाणी मुरलेलं असतं आणि त्याची गोडी निराळी. तसा हवा असेल तर आच मध्यमच ठेवा. मला गुळगुळीत आवडतो, म्हणून मी बारीक आचेला चिकटून असते. शिट्ट्या काढून खरवस करणारेही आहेत. चीक खूप पातळ असेल तर ते निभावतं, चांगल्या पहिल्या चिकाचं मात्र त्याने नुकसान होतं.

दहा मिनिटांनी झाकण उचला. कडेची बोटभर पट्टी घट्ट झालेली आणि मधला भाग थुलथुलीत दिसेल. राखून ठेवलेली वेलची-जायफळ या वेळी भुरभुरा. आता पृष्ठभागावर हलकी कातडी आलेली असते, मसाला बुडत नाही आणि शिजताना तिथेच चिकटतो. लगेच झाकण लावा.

पंचवीस मिनिटांनी मधोमध सुरी घालून पाहा. सुरी ओली आली तरी चालेल, तिला पातळ दूध लागलेलं नसावं. त्याहून सोपी खूण म्हणजे डबा चिमट्याने धरून हलकेच हलवायचा. कडा स्थिर राहून मध्यावर रुपयाएवढा भाग थरथरत असेल तर गॅस बंद करा, उरलेलं काम आतल्या उष्णतेने होतं. सगळाच पृष्ठभाग लाटेसारखा हलत असेल तर अजून पाच-सात मिनिटं. चार सेंटिमीटरच्या थराला २५ ते ३५ मिनिटं लागतात. कुकर बंद केल्यावर डबा दहा मिनिटं आतच राहू द्या, एकदम बाहेर काढला तर मध्ये खड्डा पडतो.

गार करणं आणि कापणं

डबा बाहेर काढून झाकण काढा, झाकणाला जमलेलं पाणी खरवसावर सांडू देऊ नका. खोलीच्या तापमानाला आला की झाकून फ्रीजमध्ये चार तास. गरम खरवस खायची ज्यांना सवय आहे त्यांना मी अडवणार नाही. गुळाचा वास गरम असतानाच सगळ्यात चांगला येतो. पण वड्या पाडायच्या तर थांबावं लागतं. गार खरवसाचा काप सुरीला न चिकटता सुटतो आणि कापलेली बाजू चकचकीत दिसते.

देवापुढे नैवेद्य ठेवायचा असेल तर डब्यातून पहिली वडी त्याच्यासाठी काढा, मग घरच्यांना. वड्या लहान करा. खरवस पचायला जड असतो, दोन वड्यांत माणसाचं समाधान होतं. दुधातली साखर न पचणाऱ्यांनी चिकात ती कमी असते म्हणून निश्चिंत होऊ नये, आपण वरून दूध घातलेलं असतं. दुधाच्या प्रथिनांची अॅलर्जी असणाऱ्यांनी खरवस खाऊच नये. फ्रीजमध्ये तीन दिवस चांगला राहतो. चौथ्या दिवशी आंबूस वास आला तर टाकून द्या. शिजलेला खरवस फ्रीजरमध्ये ठेवू नका, पाणी सुटून भुसभुशीत होतो.

बिघडला तर

वाटी लावली असेल तर सहसा ही वेळ येत नाही. तरीही झालंच, तर पाऊण तास वाफवूनही पातळ राहिलेल्या खरवसाला आणखी वाफवू नका. तुपावर रवा भाजून त्यात पाण्याऐवजी हे मिश्रण घाला, गोडी आणि मसाला आधीच आहे, शिरा सुरेख होतो. रवाळ दिसेल, पण शिऱ्याला त्याचं काय.

फार घट्ट झालेला खरवस हाताने कुस्करून जाड बुडाच्या कढईत चमचाभर तुपावर परता. पाणी आटून गोळा जमायला लागला की तूप लावलेल्या ताटात थापा आणि वड्या पाडा. या वड्या मूळ खरवसापेक्षा जास्त दिवस टिकतात, आणि मुलांना त्या फार आवडतात.

तळाशी गडद, ओलसर थर दिसला तर गूळ विरघळायच्या आधी मिश्रण ओतलं गेलंय. खायला काही हरकत नाही. डबा ताटात उलटा करा, तो थर वर येतो आणि छान दिसतो.

चीक मिळालाच नाही तर

बाजारात खरवसाची तयार पावडर मिळते. पाकिटावरचं प्रमाण घ्या, पण वाटी इथेही लावा. पाकिटावर दूध बहुधा जरा जास्तच सांगितलेलं असतं, आणि पावडर जुनी असेल तर नीट धरत नाही.

बिनचिकाचा खरवस म्हणून जो केला जातो त्यात मला पटलेला प्रकार दह्याचा आहे. ४०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा, त्याच डब्याने एक डबा दूध आणि एक डबा ताजं, घट्ट, अजिबात आंबट नसलेलं दही. दही आधी नुसतं फेटून गुळगुळीत करा, मग बाकीचं मिसळा, वेलची-जायफळ घाला आणि वर सांगितल्याप्रमाणे बारीक आचेवर २५ ते ३० मिनिटं वाफवा. इथे दह्याचा आंबटपणा आणि उष्णता मिळून काम करतात. गुळाची चव हवी असेल तर एक वाटी दही, एक वाटी दूध, एक वाटी मिल्क पावडर आणि पाऊण वाटी चिरलेला गूळ घ्या. गूळ थंड दुधात विरघळवून गाळणं इथेही चुकवायचं नाही. चायना ग्रास घालून थिजवलेलं दूधही खरवस म्हणून वाढलं जातं. ते दिसतं तसंच, पण चिकाच्या वडीला चावताना जो मऊ प्रतिकार असतो तो त्यात नाही, मी त्याला खरवस म्हणत नाही. दह्याच्या प्रकारात तो बराचसा मिळतो, फक्त जायफळ नेहमीपेक्षा चिमूटभर वाढवा, कारण दह्याच्या आंबटपणापुढे ते मागे पडतं.